पाळणाघरासाठी सोडलेला पगार आणि बाळंतपणाच्या रजेचे पैसे: ब्रिटनमधील नोकरदार आईने हिशेब कसा करावा

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या स्त्रीला दुसऱ्या बाळाची चाहूल लागते, तेव्हा पहिल्या मुलाच्या पाळणाघराचा खर्च बहुधा चालूच असतो. हा खर्च ‘सॅलरी सॅक्रिफाइस’ पद्धतीने, म्हणजे पगाराचा काही भाग लेखी कराराने सोडून त्याबदल्यात चाइल्डकेअर व्हाउचर (पाळणाघराची फी भरण्याची कुपने) किंवा कंपनीच्या पाळणाघरातील जागा घेऊन भागवला जात असेल, तर सोडलेल्या रकमेवरचा आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सामाजिक विम्याचा हप्ता) वाचतो. मात्र कायद्याच्या दृष्टीने त्या स्त्रीचा पगार खरोखरच तेवढा कमी झालेला असतो आणि बाळंतपणाच्या रजेची वैधानिक रक्कम, म्हणजेच स्टॅच्युटरी मॅटर्निटी पे, याच कमी झालेल्या पगारावरून ठरते. ही घट टाळता येते, पण त्यासाठी हालचाल बहुतेकींना वाटते त्यापेक्षा फार लवकर करावी लागते.

पहिली पायरी: आपण कोणत्या योजनेत आहोत ते पाहावे

चाइल्डकेअर व्हाउचरची योजना ४ ऑक्टोबर २०१८ पासून नव्या लोकांसाठी बंद झाली आहे. त्याआधी जे सामील झाले होते आणि त्याच मालकाकडे आहेत, त्यांनाच ती चालू ठेवता येते. मूळ दराने कर भरणाऱ्यांसाठी तिची मर्यादा आठवड्याला ५५ पौंड, म्हणजे महिन्याला २४३ पौंड आहे. मालकाने स्वतः चालवलेल्या किंवा ज्याच्या खर्चात आणि व्यवस्थापनात त्याचा खरा वाटा आहे अशा पाळणाघराची योजना मात्र आजही खुली आहे. तिला अशी मर्यादा नसल्याने तिथे सोडलेला पगार महिन्याला हजार पौंडांच्या घरात सहज जातो. सरकारी ‘टॅक्स-फ्री चाइल्डकेअर’ खात्याचा (ज्यात पालकांनी भरलेल्या रकमेत सरकार भर घालते) पगाराशी संबंध नसतो, त्यामुळे ते खाते वापरणाऱ्यांना पुढचा हिशेब लागू होत नाही. तथापि ज्या कुटुंबातील दोघांच्याही व्हिसावर सार्वजनिक निधी (सरकारी भत्ते व मदत) न घेण्याची अट आहे, त्यांना ते खाते उघडता येत नाही. पुण्या-मुंबईहून कामाच्या व्हिसावर आलेल्या अनेक जोडप्यांपुढे त्यामुळे कंपनीच्या पाळणाघराचा मार्गच उरतो. मॅटर्निटी पे सार्वजनिक निधीत मोडत नाही, त्यामुळे व्हिसाच्या भीतीने ती मागायला कोणीही कचरू नये.

दुसरी पायरी: कोणत्या पेस्लिप मोजल्या जाणार ते शोधावे

सर्वाधिक नुकसान इथेच होते. भारतातील १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात रजेच्या लगेच आधीच्या तीन महिन्यांची सरासरी धरली जात असे, त्यामुळे आपल्याकडून गेलेल्या स्त्रियांना रजेआधीचा शेवटचा पगार महत्त्वाचा वाटणे स्वाभाविक आहे. ब्रिटनमध्ये तसे नाही. प्रसूतीच्या अपेक्षित आठवड्याच्या आधीचा पंधरावा आठवडा हा ‘क्वालिफाइंग वीक’ असतो, आणि त्या आठवड्यातील शनिवारी किंवा त्याआधी आलेल्या शेवटच्या पगाराच्या दिवसापासून मागे किमान आठ आठवड्यांची कमाई मोजली जाते. मासिक पगार असेल तर या मुदतीत साधारणपणे दोन पेस्लिप येतात.

समजा, प्रसूतीची अपेक्षित तारीख १५ ऑक्टोबर २०२५ होती आणि पगार महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी होत होता. अपेक्षित आठवडा रविवार १२ ऑक्टोबरला सुरू होतो, म्हणून क्वालिफाइंग वीक २९ जून ते ५ जुलै ठरतो. त्या आठवड्यातील शनिवारपर्यंतचा शेवटचा पगार ३० जूनचा आणि किमान आठ आठवडे मागचा पगार ३० एप्रिलचा, म्हणजे मे आणि जून या दोनच महिन्यांच्या पगारावर सारे अवलंबून राहते. आता प्रसूतीची तारीख प्रमाणित करणारा मॅट बी वन फॉर्म पाहावा. डॉक्टर किंवा मिडवाइफ तो अपेक्षित आठवड्याच्या वीस आठवडे आधीपासूनच देऊ शकतात, म्हणजे या उदाहरणात २५ मेपासून. तोवर बहुतेक कार्यालयांतील मे महिन्याचा पगार पक्का झालेला असतो. फॉर्म हाती आल्यावर व्यवस्थापनाशी बोलू, असे ठरवणारी स्त्री अर्धी मुदत गमावून बसते. पगाराच्या तारखेनुसार ही मुदत गरोदरपणाच्या तेराव्या ते सतराव्या आठवड्याच्या दरम्यान सुरू होते, म्हणून बारा आठवड्यांच्या स्कॅननंतर लगेचच कॅलेंडर घेऊन बसावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तिसरी पायरी: दोन्ही बाजूंचे आकडे मांडावेत

वैधानिक मॅटर्निटी पे ३९ आठवडे मिळते. पहिले सहा आठवडे सरासरी साप्ताहिक कमाईच्या ९० टक्के मिळतात. उरलेले ३३ आठवडे ठरावीक दर किंवा ९० टक्के, यांपैकी जे कमी असेल ते मिळते. २०२५-२६ या वर्षासाठी हा दर आठवड्याला १८७.१८ पौंड आहे. त्यामुळे बहुतेकींच्या बाबतीत व्हाउचरचा परिणाम पहिल्या सहा आठवड्यांपुरताच असतो.

महिन्याला २,४०० पौंड पगार असलेल्या आईचे उदाहरण घेऊ. दोन महिन्यांची बेरीज करून तिला ६ ने गुणावे आणि ५२ ने भागावे, म्हणजे साप्ताहिक सरासरी निघते. पूर्ण पगारावर ती ५५३.८५ पौंड येते आणि तिचे ९० टक्के ४९८.४६ पौंड होतात. २४३ पौंडांचे व्हाउचर चालू असेल तर मोजणी २,१५७ पौंडांवर होते आणि ९० टक्के ४४७.९९ पौंडांवर येतात. सहा आठवड्यांत सुमारे ३०३ पौंडांचा फरक पडतो आणि त्यावरचा २० टक्के आयकर व ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स वजा केल्यास हाती सुमारे २१८ पौंड राहतात. दुसरीकडे, दोन महिने व्हाउचर थांबवल्याने सुमारे १३६ पौंडांची करबचत बुडते. निव्वळ फायदा ८२ पौंडांच्या आसपास, म्हणजे आहे पण फार मोठा नाही. कंपनीच्या पाळणाघरासाठी महिन्याला हजार पौंड सोडणाऱ्या आईचा निव्वळ फायदा मात्र याच हिशेबाने ३३० पौंडांच्या पुढे जातो, अर्थात ते दोन महिने पाळणाघराचे पूर्ण पैसे करोत्तर पगारातून भरण्याची तिची तयारी हवी.

दोन परिस्थितींत हा प्रश्न याहून फार गंभीर होतो. एक म्हणजे अल्पवेळ काम करणाऱ्या आईची. आठवड्याला आठ तास, ताशी २० पौंड या दराने काम करणारीची सरासरी १६० पौंड असते, पण २४३ पौंडांचे व्हाउचर वजा झाल्यावर ती सुमारे १०४ पौंडांवर येते. वैधानिक मॅटर्निटी पेसाठी साप्ताहिक कमाईची २०२५-२६ मधील किमान मर्यादा १२५ पौंडांची असल्याने तिचा वैधानिक रकमेवरचा हक्कच जातो. मग तिला मॅटर्निटी अलाउन्ससाठी (मालकाऐवजी थेट सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्यासाठी) वेगळा अर्ज करावा लागतो.

दुसरी परिस्थिती एनएचएसमधील (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील) परिचारिका आणि इतर कर्मचाऱ्यांची. तिथल्या सेवाशर्तींप्रमाणे आठ आठवडे पूर्ण आणि अठरा आठवडे अर्धा पगार मिळतो, पण तो ‘पूर्ण पगार’सुद्धा वैधानिक सरासरीच्याच नियमांनी काढला जातो, त्यामुळे घट सहा आठवड्यांवर थांबत नाही. याउलट काही खासगी कंपन्या पगार सोडण्याआधीच्या मूळ पगारावर रजेचे पैसे देतात, आणि तिथे काहीच बदलण्याची गरज नसते. म्हणून मॅटर्निटी पॉलिसीतील ‘पगार’ या शब्दाची व्याख्या लेखी मागवून घ्यावी.

चौथी पायरी: बदल लेखी करून घ्यावा

सॅलरी सॅक्रिफाइस हा नोकरीच्या करारातील बदल आहे, त्यामुळे तो थांबवण्यासाठीही मालकाची संमती लागते. गरोदरपण हे त्यासाठी मान्य कारण असते. कोणत्या महिन्याच्या पगारापासून कपात बंद आणि कोणत्या महिन्यापासून पुन्हा सुरू, हे दोन्ही पत्रात नमूद करावे. पेन्शन, सायकल किंवा विजेवरच्या गाडीसाठी सोडलेला पगारही सरासरी असाच खाली आणतो, पण पेन्शन थांबवल्यास मालकाचा वाटाही बुडू शकतो, तेव्हा तिथे घाई करू नये.

जुन्या व्हाउचर योजनेतील आयांनी एक धोका विशेष जपावा. सलग ५२ आठवडे व्हाउचर घेतले नाही तर योजनेतले स्थान कायमचे जाते. मे-जूनमध्ये थांबवलेले व्हाउचर तसेच बंद ठेवून वर्षभराच्या रजेवर गेल्यास ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. मोजणीची मुदत संपताच, म्हणजे वरील उदाहरणात जुलैच्या पगारापासून, ते पुन्हा सुरू करावे.

रजेच्या काळात

वैधानिक मॅटर्निटी पेमधून व्हाउचरसाठी पैसे कापता येत नाहीत. पूर्वी अनेक मालक या काळात स्वतःच्या खर्चाने व्हाउचर देत असत, पण २०१६ मध्ये पेनिन्सुला बिझनेस सर्व्हिसेस विरुद्ध डोनाल्डसन या खटल्यात एम्प्लॉयमेंट अपील ट्रायब्युनलने अशी व्हाउचरे पगाराचाच भाग असल्याचे मानले आणि रजेत ती थांबवण्यास मालकांना मोकळीक दिली. आपले कार्यालय काय करते, हे रजेवर जाण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

रजेतील पहिली पेस्लिप आली की तीवरील रक्कम आपल्या हिशेबाशी ताडून पाहावी. फरक असल्यास पेरोलकडे सरासरीची मांडणी लेखी मागावी. हक्कच नाकारला असेल तर मालकाने एसएमपी वन हा फॉर्म देणे बंधनकारक आहे, आणि तो निर्णय पटला नाही तर एचएमआरसीच्या (ब्रिटनच्या कर खात्याच्या) वैधानिक देयक विवाद विभागाकडे दाद मागता येते.