लोकशाहीचा सिद्धान्त शिकवताना या चुका टाळा

राजकीय तत्त्वज्ञानाच्या पेपरचे सर्वाधिक नुकसान विचारवंतांची रांग लावल्याने होते. हॉब्ज, लॉक, रूसो, मिल, वेळ उरलाच तर रॉल्स. प्रत्येकाचा परिचय, ग्रंथ, विचार आणि टीका. विद्यार्थी हे सारे निमूटपणे उतरवून घेतात. मात्र हॉब्जचा ‘लेव्हायथन’ १६५१ मध्ये इंग्लंडमधील यादवीच्या छायेत आला आणि त्याला भीती नेमकी कशाची होती, हे उत्तरपत्रिकेत उमटत नाही. प्रश्न आधी फळ्यावर यावा, विचारवंत त्यानंतर.

लोकशाही म्हणजे बहुमत, एवढ्यावर तास संपवणे ही तितकीच घातक चूक आहे. पुण्यातील शिक्षकाजवळ यावर उत्तम साधन आहे, ते म्हणजे २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा तुरुंगात झालेला पुणे करार. तो बहुधा तारीख आणि प्रांतिक विधिमंडळांतील १४८ राखीव जागा एवढ्यावरच उरकला जातो. खरे तर कराराची प्रत वर्गात वाटावी आणि निवडणुकीची रीत विद्यार्थ्यांकडूनच वाचून घ्यावी: प्रत्येक राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडायचे, आणि त्या चौघांतून एकाची अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाने, म्हणजे बहुतेक ठिकाणी सवर्णांचेच मताधिक्य असलेल्या मतदारांनी, करायची. मग विचारावे, की असा प्रतिनिधी कोणाला उत्तरदायी राहील? चर्चा तासाबाहेर गेली तरी जाऊ द्यावी, कारण मिलने १८५९ मध्ये बहुमताच्या जुलमाविषयी दिलेला इशारा त्यानंतर वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

भारतीय विचारवंतांना शेवटच्या घटकात ढकलणेही थांबवायला हवे, कारण सत्र संपत आले की तोच घटक गाळला जातो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना आंबेडकरांनी मिलचाच आधार घेऊन थोर पुरुषाच्या पायाशी स्वातंत्र्य वाहू नये असे बजावले होते. हे दोघे एकाच आठवड्यात शिकवावेत. फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यातच स्थापन केलेला सत्यशोधक समाजही समतेच्या घटकातच यावा.

वर्ग गप्प बसत असेल, तर बहुतेकदा नोट्स सांगण्याची सवय त्यामागे असते. मूळ ग्रंथातील एक पान मराठीत द्यावे, दहा मिनिटे शांतपणे वाचू द्यावे आणि आपल्याला न पटणाऱ्या बाजूच्या समर्थनार्थ प्रत्येकाकडून एक परिच्छेद लिहून घ्यावा. शिक्षकाने स्वतःचे मत लपवू नये, पण ते या लेखनानंतरच सांगावे.