रिप्लाय ऑलचं वादळ: मेल लिहिणाऱ्यांसाठी थोडं, सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी जास्त

ऑफिसच्या मोठ्या मेलिंग लिस्टवर (एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्यांना जाणारी) चुकून मेल पडला की पहिला मेल कधीच त्रास देत नाही, त्रास देतात ते "मला या लिस्टमधून काढा" म्हणणारे, आणि त्यांच्यामागून "अरे रिप्लाय ऑल करू नका" असं रिप्लाय ऑल करूनच सांगणारे शहाणे.

मायक्रोसॉफ्टमध्ये १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये हेच झालं. बेडलॅम डीएल३ नावाची लिस्ट, त्यात साधारण १३,००० लोक. एकाने विचारलं मी यात का आहे, मला काढा, की लागले सगळे "मी टू" करायला. आता हिशोब करा, एक रिप्लाय म्हणजे १३,००० कॉप्या, हजार रिप्लाय आले की सव्वा कोटीच्या वर. तासाभरात दीड कोटी मेल आणि १९५ जीबी ट्रॅफिक झालं म्हणतात, तेही त्या काळच्या मशीनवर. वर काहींनी रीड रिसीट, म्हणजे मेल वाचल्याची पोच, मागितलेली, म्हणजे मेल वाचला तरी अजून एक मेल.

तर असं सुरू झालं की गप्प बसायचं. आउटलुकमध्ये त्या थ्रेडवर (मेलांच्या साखळीवर) इग्नोर, जीमेलमध्ये म्यूट, झालं. लिस्टमधून निघायचंच असेल तर लिस्टच्या मालकाला एकट्याला लिहा. आणि तुम्हीच मोठ्या लिस्टला पाठवताय तर लिस्ट बीसीसीत (बाकीच्यांना न दिसणाऱ्या पत्त्यांच्या रकान्यात) टाका, मग कोणी रिप्लाय ऑल दाबलं तरी उत्तर फक्त तुमच्याकडे येतं.

पण खरं सांगू का, लोकांना कितीही शिकवा, हजारात दहा जण दाबणारच, त्यामुळे बंदोबस्त सर्व्हरवरच हवा. मोठ्या लिस्टवर कोण पाठवू शकतो ते ठरवून द्या, बाकीच्यांचे मेल मॉडरेटरकडे, म्हणजे आधी बघून परवानगी देणाऱ्याकडे, जाऊ देत. एका मेलला किती पत्ते चालतील त्याला लिमिट लावा. बेडलॅमच्या वेळी ८,००० च्या वर पत्ते असलेला मेल आला की मेल पोचवणारा प्रोग्रामच क्रॅश व्हायचा, आणि रीस्टार्ट केला की तोच मेल पुन्हा उचलायचा, म्हणजे आधी ज्यांना मिळालाय त्यांना परत. म्हणून जो मेल सर्व्हरला दोन-तीनदा पाडतो तो रांगेतून काढून बाजूला ठेवायची सोय पाहिजेच. आउट ऑफ ऑफिसवाल्या ऑटो रिप्लायने दुसऱ्या ऑटो रिप्लायला उत्तर देता कामा नये, नाहीतर दोन मशीन रात्रभर गप्पा मारत बसतात.

मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये (कंपन्यांसाठीच्या त्यांच्या मेल सेवेत) अशा वादळाला ब्रेक आणला, सुरुवातीचा नियम असा की ५,००० च्या वर लोकांना तासात १० रिप्लाय ऑल गेले की पुढचे ४ तास त्या थ्रेडवर रिप्लाय ऑल बंद. छोट्या कंपनीला हा आकडा फारच मोठा आहे, तुमच्या लिस्टा बघून खाली आणा.

लिस्ट बनवतानाही बघा. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या एनएचएसमध्ये (तिथली सरकारी आरोग्य सेवा) एका कर्मचाऱ्याने मर्यादित लोकांपुरती लिस्ट बनवायला घेतली, सिस्टीमने त्यात देशभरातले ८ लाखांवर लोक भरले, आणि मग त्या लिस्टवर टेस्ट मेल गेला. आउटलुकमध्ये वर "हा मेल इतक्या लोकांना जाईल" अशी पट्टी येते ना, साधारण २५ च्या वर लोक असले की, ती अ‍ॅडमिनने बंद करू नये आणि पाठवणाऱ्याने सेंड दाबायच्या आधी वाचावी.