अमेरिकेत मुलासाठी कॅथलिक शाळा निवडताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये कॅथलिक शाळेचा विषय बहुधा दोन कारणांनी निघतो. एक तर जवळच्या पब्लिक स्कूलवरून मन उडालेलं असतं. नाहीतर आई-बाबांपैकी कुणीतरी भारतात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं असतं आणि सिस्टरांची शिस्त, घोटून घेतलेलं इंग्रजी, कडक इस्त्रीचा गणवेश हे सगळं मनात घर करून असतं. दोन्ही कारणं समजण्यासारखी आहेत, पण शाळा निवडायला पुरेशी नाहीत.

इथलं चित्र वेगळं आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सुमारे १३ हजार कॅथलिक शाळा होत्या आणि त्यांत ५२ लाखांहून अधिक मुलं शिकत. आज शाळा सहा हजारांच्या आत आल्या आहेत आणि मुलं १७ लाखांच्या आसपास. वर्गावर सिस्टर दिसणं आता दुर्मीळ, कारण बहुतेक सगळे शिक्षक तुमच्या-आमच्यासारखे संसारी असतात. आणि प्रत्येक शाळा हे आपापलं स्वतंत्र, बऱ्याचदा पैशाच्या ओढाताणीत चाललेलं छोटं घरटं असतं. एका गावातली शाळा उत्तम आहे म्हणून पाच मैलांवरची तशीच असेल, असं अजिबात नाही. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

नावावर जाणं

शाळेच्या नावात ‘सेंट’ असलं म्हणजे ती कॅथलिक, असं धरून चालू नका. एपिस्कोपल आणि लुथरन शाळांनाही संतांची नावं असतात. चर्चच्या कायद्यातल्या ८०३ व्या कलमानुसार चर्चच्या अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कुठलीही शाळा स्वतःला ‘कॅथलिक शाळा’ म्हणवून घेऊ शकत नाही. त्यामुळे खात्री करणं सोपं आहे: त्या भागातल्या डायोसीसच्या, म्हणजे बिशपच्या प्रांताच्या, संकेतस्थळावरची शाळांची यादी बघा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे शाळा चालवतं कोण, हे विचारा. पॅरिशची शाळा एका चर्चला जोडलेली असते आणि प्रिन्सिपलच्या वरचा शब्द तिथल्या फादरचा असतो. फादर बदलले की शाळेचा नूर बदललेला दिसतो, कधी चांगल्या अर्थाने, कधी नाही. काही शाळा दोन-तीन पॅरिश मिळून किंवा थेट डायोसीस चालवतं. काही शाळा जेझुइट, सेल्सियन, उर्सुलाइन अशा कॅथलिक धर्मसंघांच्या किंवा स्वतंत्र विश्वस्त मंडळाच्या असतात. फी, मदत, शाळा बंद करण्याचा निर्णय, तक्रार ऐकणारा माणूस, हे सगळं यावरून ठरतं.

छापील फीवर बजेट मांडणं

संकेतस्थळावर जो ट्यूशनचा आकडा दिसतो, तो अनेकदा ‘पॅरिशनर’ दर असतो, म्हणजे त्याच चर्चमध्ये नोंदणी असलेल्या आणि नियमित येणाऱ्या कुटुंबांसाठीचा. बाकीच्यांसाठी दुसरा, चढा आकडा असतो. सवलतीपुरती चर्चमध्ये नावनोंदणी करण्याचा सल्ला कुणी दिला तर तो कानाआड करा. पॅरिशला हा प्रकार चांगला ठाऊक असतो, म्हणूनच बऱ्याच ठिकाणी उपस्थिती आणि वर्गणी बघितली जाते.

फीव्यतिरिक्तही खर्च असतात. परत न मिळणारी नोंदणी फी, तंत्रज्ञान शुल्क, ठरावीक दुकानातूनच घ्यायचा गणवेश, शाळा सुटल्यानंतरची आफ्टरकेअर. कित्येक शाळांत दर कुटुंबाने अमुक रकमेचं फंडरेझिंग करायचं आणि अमुक तास स्वयंसेवा द्यायची, नाहीतर तेवढे पैसे भरायचे, असा नियम असतो. दोघंही नोकरी करत असाल तर ते तास कुठून काढणार, हे आधी ठरवा. गणवेशाची मात्र फार काळजी नको. जवळपास प्रत्येक शाळेत जुने कपडे आपसात देण्या-घेण्याची सोय असते.

आर्थिक मदतीचा अर्ज ‘आपल्याला कशाला मिळेल’ म्हणून न भरणं, ही आपल्या लोकांची ठरलेली चूक. दुसऱ्या-तिसऱ्या भावंडाला वेगळी सवलत असते, ती तर अनेकदा विचारल्यावरच कळते. अर्ज बहुतेक वेळा फॅक्ट्ससारख्या कंपनीमार्फत भरायचे असतात, आधीच्या वर्षाचं टॅक्स रिटर्न लागतं आणि मुदत हिवाळ्यातच संपू शकते.

५२९ खात्यातले, म्हणजे शिक्षणासाठीच्या कर-सवलतीच्या बचत खात्यातले, पैसे शाळेच्या ट्यूशनला वापरता येतात, हे २०१८ पासून खरं आहे. केंद्राची मर्यादा दर मुलामागे वर्षाला १० हजार डॉलर होती, २०२६ पासून ती २० हजार झाली. पण राज्याचा कर हा वेगळा हिशेब. न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया शालेय ट्यूशनसाठी काढलेले पैसे राज्याच्या करात ग्राह्य धरत नाहीत. आणि ट्यूशन म्हणजे देणगी नव्हे. शाळा धर्मादाय असली तरी ही रक्कम कर-सवलतीत दाखवता येत नाही.

ॲरिझोनाने २०२२ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२३ मध्ये सगळ्याच कुटुंबांना खासगी शाळेसाठी सरकारी पैसा खुला केला. उलट इलिनॉयची शिष्यवृत्ती योजना २०२३ च्या अखेरीस मुदत न वाढवल्यामुळे बंद पडली. योजना असेल तर जरूर घ्या, पण किंडरगार्टनपासून आठवीपर्यंतचं सगळं गणित तिच्यावर बेतू नका.

मुलाची अडचण लपवणं

या लेखातला एकच भाग वाचायला वेळ असेल तर हा वाचा.

मुलाला स्पीच थेरपी सुरू आहे, वाचनात अडखळतो, एडीएचडीचं निदान झालंय. आई-बाबा विचार करतात, आधीच सांगितलं तर प्रवेश नाकारतील, आत गेल्यावर बघू. आणि त्यांच्या मनात पब्लिक स्कूलचा अनुभव असतो, जिथे आयईपी, म्हणजे मुलाच्या गरजेप्रमाणे लिहिलेला विशेष शिक्षणाचा आराखडा, हा मुलाचा कायदेशीर हक्क असतो.

कॅथलिक शाळेत तो हक्क मुलासोबत येत नाही. आयडिया या केंद्रीय कायद्यानुसार पालकांनी आपणहून खासगी शाळेत घातलेल्या मुलाला विशेष शिक्षणाच्या सेवांवर वैयक्तिक हक्क नसतो. पब्लिक स्कूलने लिहिलेला आयईपी पाळायला ही शाळा बांधील नाही. अपंगत्वाविषयीच्या एडीए कायद्याच्या ज्या भागात खासगी शाळा येतात, त्यातून धार्मिक संस्था वगळलेल्या आहेत. अपंगत्वावरून भेदभावाला मनाई करणारं ५०४ चं कलम लागू होतं ते शाळा केंद्राचा निधी घेत असेल तरच. थोडक्यात, शाळा जे करेल ते बहुतांशी तिच्या इच्छेने आणि ऐपतीने. काही कॅथलिक शाळा या बाबतीत खरोखर सुंदर काम करतात. काहींकडे आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या एका शिक्षिकेपलीकडे काही नसतं.

म्हणून अहवाल सरळ टेबलावर ठेवा आणि नेमके प्रश्न विचारा. रिसोर्स टीचर पूर्णवेळ आहे का? परीक्षेत जादा वेळ मिळेल का, आणि ते लेखी देता का? याआधी असं मूल तुमच्याकडे होतं का, आणि ते आठवीपर्यंत टिकलं का? शेवटच्या प्रश्नाला प्रिन्सिपल उत्तर कसं देतात यावरून बरंच कळतं. ‘आम्ही सगळ्यांवर प्रेम करतो’ एवढंच उत्तर आलं तर पुढची शाळा बघा.

मूल आधीच तिथे शिकत असेल आणि अडचण आता दिसायला लागली असेल, तरी एक वाट आहे. अशा मुलांना शोधून त्यांची तपासणी करण्याची जबाबदारी, शाळा ज्या पब्लिक डिस्ट्रिक्टच्या हद्दीत आहे, त्या डिस्ट्रिक्टवर असते. तिचा खर्च पालकांवर पडत नाही. मागणी लेखी करा, तारीख घाला, प्रत ठेवा. निदान झालं तर डिस्ट्रिक्ट ‘सर्व्हिसेस प्लॅन’ देऊ शकतं. तो आयईपीपेक्षा बराच तोकडा असतो, कारण खासगी शाळांतल्या मुलांसाठी राखलेला निधीच मर्यादित असतो. पण मुलाला नेमकं काय होतंय हे कागदावर येतं, आणि पब्लिक स्कूलमध्ये न्यायचं की नाही, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

‘धर्माचं काय, चालतं तेवढं’

इथल्या कॅथलिक शाळांमधल्या पाचांतलं साधारण एक मूल कॅथलिक नसतं. त्यामुळे हिंदू, बौद्ध, मुस्लिम मूल असणं ही कुणाला नवलाची गोष्ट वाटत नाही. पण धर्म इथे शोभेपुरता नसतो. रोज प्रार्थना, धर्माचा तास, त्याला मार्क, बहुतेक ठिकाणी आठवड्याला एक मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, काळात क्रूसाची वाट ही प्रार्थना, ॲश वेन्सडेला कपाळावर राख. हे सगळं शाळेच्या दिवसाचाच भाग असतं. त्यातून मुलाला वगळा, ही विनंती सहसा मान्य होत नाही, आणि खरं सांगायचं तर ती करूही नये. तेवढं खटकत असेल तर ही शाळा तुमच्यासाठी नाही.

खरी कसोटी दुसरीत लागते. त्या वर्षी कॅथलिक मुलं पहिलं कन्फेशन (फादरपुढे पापांची कबुली) करतात आणि पहिलं कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) घेतात. वर्षभर वर्गात त्याचीच तयारी चालते. मुलींचे पांढरे झगे, घरी पार्ट्या, भेटवस्तू, आणि आपलं मूल बाजूला बसलेलं. कॅथलिक नसलेल्या मुलाला कम्युनियन मिळत नाही. ते बाकावर बसून राहतं किंवा रांगेत जाऊन छातीवर हातांची घडी घालून फक्त आशीर्वाद घेतं. हे मुलाला पहिलीच्या सुट्टीतच समजावून सांगा. ‘त्यांच्या घरचं एक आहे, आपल्या घरचं एक आहे’ एवढं सात वर्षांच्या मुलाला नीट कळतं. ऐन मे महिन्यात रडारड झाल्यावर सांगितलं तर ती समजूत राहत नाही, सारवासारव वाटते. आणि जेवायला बसल्यावर मुलाने शाळेतली प्रार्थना म्हटली तर आजी-आजोबांनी भुवया उंचावू नयेत, हेही त्यांच्या कानावर आधीच घालून ठेवा.

दिवाळीची रजा माफ होते का ते विचारा. लग्न, कुटुंब, लिंगओळख यांबाबत शाळा चर्चच्या शिकवणीप्रमाणे चालते. हँडबुकमध्ये ते लिहिलेलं असतं आणि प्रवेश घेताना त्याखाली तुमची सही असते.

सजवलेल्या दिवशी शाळा बघणं

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी कॅथलिक स्कूल्स वीक सुरू होतो. त्या आठवड्यात फुगे असतात, आठवीची चुणचुणीत मुलं शाळा दाखवतात, सगळं छानच दिसतं. तेव्हा जा, पण नंतर एखाद्या साध्या मंगळवारीही वेळ मागून जा. दुसरीच्या किंवा तिसरीच्या वर्गात वीस मिनिटं बसा. शाळा सुटताना गेटपाशी उभं राहून पालकांशी बोला, विशेषतः ज्यांचं मोठं मूल इथून बाहेर पडलंय त्यांच्याशी.

गुणांच्या बाबतीत जरा सावध राहा. २०२२ च्या राष्ट्रीय नेप चाचणीत कॅथलिक शाळांची सरासरी पब्लिक शाळांपेक्षा वर होती. पण पैसे भरून शाळा निवडणारी कुटुंबं मुळात वेगळी असतात, आणि देशाची सरासरी तुमच्या कोपऱ्यावरच्या शाळेबद्दल काहीच सांगत नाही. अनेक राज्यांत या शाळा राज्याच्या चाचण्या घेत नाहीत. मग मॅप किंवा आयोवा यांपैकी कुठली चाचणी घेता, आणि तिसरीतल्या मुलांची पाचवीपर्यंत प्रगती किती झाली, ते विचारा. गणितात पुढे असलेल्या मुलाचे पालक एक प्रश्न हमखास विसरतात: एका इयत्तेचा एकच वर्ग असेल तर पुढच्या मुलांना पुढचं कोण शिकवतं? आठवीत अल्जिब्रा वन पूर्ण होतं का, आणि गावातलं हायस्कूल ते मान्य करतं का?

शाळा टिकेल का, हे न विचारणं

हा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण २०२० साली देशभरात दोनशेहून अधिक कॅथलिक शाळा बंद झाल्या किंवा दुसरीत विलीन झाल्या. गेल्या पाच वर्षांची पटसंख्या मागा. किंडरगार्टनमध्ये आठ मुलं आणि आठवीत तीस, असं चित्र असेल तर शाळा वरून भरलेली आणि खालून रिकामी होतेय. दोन इयत्ता एकत्र बसवायला सुरुवात झालीय का, पॅरिश दरवर्षी शाळेत किती पैसा घालते, प्रिन्सिपल किती वर्षांत किती बदलले, हेही विचारा. ठीक चाललेली शाळा हे आकडे लपवत नाही.

बसचं मात्र उगाच सोडून देऊ नका. न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि पेनसिल्वेनियात ठरावीक अंतराच्या आतल्या खासगी शाळांच्या मुलांची ने-आण पब्लिक डिस्ट्रिक्टला करावी लागते, किंवा न्यू जर्सीसारखी त्याऐवजी रोख मदत मिळते. न्यू यॉर्कमध्ये त्यासाठीचा अर्ज १ एप्रिलपर्यंत डिस्ट्रिक्टकडे जावा लागतो, शाळेकडे नाही.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल विचारताना संकोच नको. लैंगिक अत्याचारांची प्रकरणं उघड झाल्यावर अमेरिकी बिशपांनी २००२ मध्ये नियमावली केली. तेव्हापासून मुलांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची आणि स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासली जाते आणि त्यांना प्रशिक्षण घ्यावं लागतं. वर्गाच्या सहलीला जायचं तर तुम्हालाही. शाळा यात ढिलाई करताना दिसली तर तेवढ्यावरून नकार द्या.

घातल्यावर जमत नसेल तर

इथे निवडून आलेलं स्कूल बोर्ड नसतं, त्यामुळे तक्रारीची पायरी ठाऊक हवी: आधी वर्गशिक्षिका, मग प्रिन्सिपल, पॅरिशची शाळा असेल तर फादर, शेवटी डायोसीसचं शिक्षण कार्यालय. थेट वर गेलात तर ते तुम्हाला खालीच पाठवतात आणि मधल्या मधे वातावरण बिघडतं. प्रत्येक भेटीनंतर काय ठरलं ते दोन ओळींच्या ईमेलने कळवून ठेवा.

वर्षाच्या मधेच काढायची वेळ आली तर आधी करार वाचा. कित्येक शाळांच्या करारात अमुक तारखेनंतर मूल काढलं तरी पूर्ण वर्षाची ट्यूशन द्यावी लागते, आणि थकबाकी असेल तर कागदपत्रं अडवून धरली जातात. नोकरीमुळे गाव बदलावं लागलं तर सूट आहे का, हे सही करण्यापूर्वीच विचारून घ्या. पब्लिक स्कूलचा दरवाजा मात्र त्यासाठी बंद होत नाही. तुम्ही त्या डिस्ट्रिक्टमध्ये राहता एवढं दाखवलंत की फेब्रुवारीतल्या कुठल्याही सोमवारीही मुलाला वर्गात घ्यावंच लागतं.