एडी म्हणजे नक्की कोण? अ‍ॅन आर्बरमध्ये शिकताना उमगलेलं

स्पोर्ट मॅनेजमेंट शिकायला अमेरिकेला निघाले तेव्हा आत्यानं विचारलं, "म्हणजे परत येऊन पीटीची बाई होणार?" तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्या कॉलेजात खेळाचं बघणाऱ्या माणसाच्या दारावर 'शारीरिक शिक्षण संचालक' अशी पाटी असते. गळ्यात शिट्टी, कपाटात कॅरमचे बोर्ड आणि वर्षातून एकदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची धावपळ. अ‍ॅन आर्बर गावातल्या मिशिगन विद्यापीठात साधारण त्याच नावाची खुर्ची आहे, डिरेक्टर ऑफ अ‍ॅथलेटिक्स. बोलताना सगळे 'एडी' म्हणतात. पण त्या खुर्चीखाली १,०७,६०१ जणांचं स्टेडियम येतं आणि वर्षाला वीस कोटी डॉलरच्या वरचा हिशेब येतो. आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग अभ्यास कोण करतं तिथं?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही धड नाही.

दरवर्षी दोन-चार मुलंमुली मला विचारतात की या क्षेत्रात शिरायचं कसं. माझा पहिला सल्ला त्यांना विचित्र वाटतो. ज्या विद्यापीठात अर्ज करताय तिथल्या एडींची यादी काढा आणि अगदी पहिल्यापासून वाचा. कोणाला आणलं, आधी तो काय करत होता, का गेला. त्या त्या काळात विद्यापीठाला कशाची निकड होती, पैसा कुठून येत होता आणि धसका कशाचा होता, हे त्या यादीत दिसतं. मी हे उशिरा केलं आणि त्यापायी तोंडघशी पडले. ते पुढे सांगते.

मिशिगनची यादी १८९८ मध्ये चार्ल्स बेअर्डपासून सुरू होते. या गृहस्थांचं मोठं काम म्हणजे १९०१ मध्ये त्यांनी फिल्डिंग योस्ट नावाचा फुटबॉल प्रशिक्षक आणला. योस्टच्या पहिल्याच वर्षी संघानं ५५० गुण केले आणि समोरच्यांना एकही करू दिला नाही. (हा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू धरून पळायचा. मी कोल्हापूरची, शाहू स्टेडियमवर वाढलेली, त्यामुळे पहिले सहा महिने याला फुटबॉल म्हणायला माझी जीभच वळत नव्हती.) बेअर्डनंतर फिलिप बार्टेलमी आले आणि १९२१ मध्ये योस्ट स्वतःच एडी झाले.

योस्टपाशी मात्र थांबायला हवं. त्यांना स्टेडियम बांधायचं होतं आणि तेही अवाढव्य. विद्यापीठाच्या तिजोरीतून पैसा मिळणार नव्हता, म्हणून त्यांनी ५०० डॉलरचा एक असे ३,००० रोखे काढले. रोखा घेणाऱ्याला व्याज मिळे आणि वर दहा वर्षं तिकिटं विकत घेण्याचा हक्क. एखादी पतसंस्था भागधारक जमवते तसाच हा प्रकार. १ ऑक्टोबर १९२७ ला पहिला सामना झाला, ओहायो वेस्लियनविरुद्ध, ३३-०. मंजुरी ७२,००० जागांची होती, पण योस्टनी पाया मात्र लाखाच्या वर जागा वाढवता येतील असा घालून घेतला. पुढच्या सगळ्या एडींनी त्या पायावर मजले चढवले म्हणा ना. अभ्यासक्रमात 'फॅसिलिटीज फायनान्स' नावाचा रुक्ष विषय असतो, त्याला कंटाळू नका. योस्टचे रोखे समजले की अर्धा विषय समजला.

याच योस्टची दुसरी बाजूही माहीत हवी. १९३४ मध्ये जॉर्जिया टेकचा संघ अ‍ॅन आर्बरला आला, आणि मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडू असेल तर आम्ही खेळणार नाही, ही त्यांची भूमिका होती. मिशिगनचा विलिस वॉर्ड हा तेव्हाचा नावाजलेला खेळाडू. विद्यार्थ्यांनी निषेध केला, तरी वॉर्डला बाहेर बसवलं गेलं. त्या संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्डही होते. मिशिगन तो सामना ९-२ असा जिंकलं आणि त्या अख्ख्या हंगामातला तो एकमेव विजय ठरला. योस्टचं नाव आज आइस हॉकीच्या इमारतीवर आहे. त्या दारातून जाताना मला दर वेळी वॉर्ड आठवतो.

या गोष्टींचे कागद बेंटली हिस्टॉरिकल लायब्ररीत आहेत, नॉर्थ कॅम्पसवर. विद्यापीठाच्या बसनं जाता येतं. पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल घेऊन बसायचं, एका वेळी एक खोका. मी पहिल्यांदा गेले ती असाइनमेंटपुरती. नंतर जात राहिले ते हिशेबाच्या वह्यांसाठी. कुठल्या सामन्याला किती तिकिटं गेली, प्रवासाला किती खर्च आला, हे वाचताना आमच्या पेठेतल्या तालमीचे जमाखर्च आठवायचे.

योस्टनंतर १९४१ ते १९६८ फ्रिट्झ क्रिसलर. स्टेडियमच्या आसनसंख्येच्या शेवटी जो '१' असतो, तो त्यांच्या मानाचा म्हणतात. १९५६ मध्ये आकडा १,०१,००१ झाला आणि तेव्हापासून शेवटचा एक हलला नाही. ती खुर्ची नेमकी कुठली, हे कुणी सांगत नाही.

आणि मग डॉन कॅनहॅम. माझं तिकीटविक्रीचं काम कुणामुळे निघालं असेल तर या माणसामुळे. १९६८ मध्ये ट्रॅकचे प्रशिक्षक असलेले कॅनहॅम एडी झाले तेव्हा लाखाच्या स्टेडियममध्ये सामन्याला तीसेक हजार जागा मोकळ्या राहायच्या. त्यांच्याकडे खेळाच्या सामानाचा स्वतःचा धंदा होता, त्यामुळे डोकं दुकानदाराचं. त्यांनी घरोघरी पोस्टानं तिकिटांची माहितीपत्रकं पाठवली, आणि नुसत्या सामन्याऐवजी घरच्यांबरोबर घालवायचा शनिवार विकला. बो शेंबेक्लर नावाचा तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला प्रशिक्षक आणला. ८ नोव्हेंबर १९७५ च्या पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यापासून तिथं लाखाच्या खाली गर्दी झालेली नाही. अपवाद फक्त २०२० चा, करोनामुळे प्रेक्षकच नव्हते तेव्हाचा. आज विद्यापीठाच्या नावाची टोपी, कॉफीचा मग, कुत्र्याचा पट्टा असं काहीही विकत मिळतं, त्या बाजाराची वाट ज्यांनी पाडली त्यांत कॅनहॅमचं नाव फार वर आहे.

मी शिकत असताना तिकीट खिडकीवर काम केलं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करता येतं, तेवढंच. एक आजोबा दर वर्षी तिकिटाच्या नूतनीकरणाला स्वतः यायचे. ऑनलाइन होतं, तरी यायचे. जागा त्यांच्या वडिलांच्या नावची. स्टेडियममध्ये बहुतेक ठिकाणी खुर्च्या नाहीत, लांबलचक बाकं आहेत आणि त्यावर आकडे रंगवलेले. दोन आकड्यांमधली जागा बारीक माणसाच्या बेतानं आखलेली, त्यामुळे नोव्हेंबरात जाडजूड कोट घालून सगळे एकमेकांना चिकटून बसतात. आजोबा म्हणायचे, शेजारचा बदलला तरी चालेल, आकडा बदलू नका. ग्राहकनिष्ठेवरची व्याख्यानं मी बरीच ऐकली, पण आजोबांनी दोन वाक्यांत जास्त शिकवलं.

१९७२ चा टायटल नाइन कायदा, म्हणजे शिक्षणसंस्थेत लिंगभेदाला बंदी, हाही कॅनहॅमच्याच काळातला. पैसा कुठून आणायचा, या मुद्द्यावर ते सुरुवातीला विरोधातच होते. तरी १९७३-७४ मध्ये मुलींचे सहा संघ अधिकृत झाले. १८९८ पासूनच्या त्या यादीत २०१६ पर्यंत एकही बाई नाही, हेही इथंच सांगून टाकते. जाणाऱ्या मुलींनी ते माहीत असूनच जावं.

पुढचे काही पटकन. शेंबेक्लर स्वतः १९८८ ते १९९० एडी होते. १९८९ मध्ये बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर प्रशिक्षकानं दुसऱ्या विद्यापीठाची नोकरी घेतली. शेंबेक्लरनी त्याला तिथल्या तिथं बाजूला केलं आणि सहायक स्टीव्ह फिशरवर संघ सोपवला. संघ राष्ट्रीय विजेता झाला. १९९७ मध्ये आलेले टॉम गॉस हे पहिले कृष्णवर्णीय एडी. त्यांच्या काळात स्टेडियमभोवती पिवळ्या रंगाचा भलामोठा पट्टा उभारला, त्यावर विद्यापीठाच्या गीतातले शब्द. माजी विद्यार्थ्यांचा असा भडका उडाला की दोन वर्षांत तो उतरवावा लागला. नंतर बिल मार्टिन, बांधकाम आणि बँकेच्या व्यवसायातले. त्यांनी २२.६ कोटी डॉलर खर्चून स्टेडियमला श्रीमंतांचे कक्ष जोडले. चाकाच्या खुर्चीवरच्या प्रेक्षकांच्या जागांवरून अपंग माजी सैनिकांच्या संघटनेनं खटला भरला आणि तो तडजोडीनं मिटला. अ‍ॅक्सेसिबिलिटीचा पेपर घेणाऱ्यांनी तो खटला वाचाच.

डेव्ह ब्रँडनची गोष्ट वर्गात सगळ्यांत जास्त चघळली जाते. डॉमिनोज पिझ्झाचे प्रमुख होते, २०१० मध्ये एडी झाले. २०११ मध्ये स्टेडियममधला पहिला रात्रीचा सामना त्यांनीच घडवला, १,१४,८०४ लोक. पण विद्यार्थ्यांच्या तिकिटांचे दर वाढत गेले, संघ हरत गेला, आणि २०१४ च्या सप्टेंबरात दोन कोक घ्या नि दोन तिकिटं मिळवा अशी योजना निघाली. त्याच सामन्यात डोक्याला मार बसलेल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या खेळाडूला, पुन्हा मैदानात धाडलं गेलं. विद्यार्थी मोर्चा घेऊन विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरी गेले, आणि ३१ ऑक्टोबरला ब्रँडन पायउतार झाले. कॅनहॅमही विकतच होते, ब्रँडनही विकत होते. माझं मत असं की कॅनहॅमना रिकामी जागा दिसायची आणि ब्रँडनना त्या जागेवरचा ग्राहक. आजोबा ग्राहक नव्हते. हे कॉर्पोरेटमधून येणाऱ्यांना पटवून देणं महाकठीण.

ब्रँडननंतर जिम हॅकेट, स्टीलकेस या फर्निचर कंपनीचे माजी प्रमुख. थोड्याच काळात जिम हारबॉला प्रशिक्षक म्हणून आणून गेले. मग २०१६ मध्ये वार्ड मॅन्युएल. ब्रँडन, हॅकेट, मॅन्युएल हे तिघंही शेंबेक्लरच्या हाताखाली खेळलेले. आमच्या भाषेत एकाच वस्तादाचे पठ्ठे. पण मॅन्युएलनी समाजकार्य आणि व्यवस्थापन अशा दोन पदव्या घेतल्या, आधी बफेलो आणि कनेटिकटला एडीपद सांभाळलं. म्हणजे खेळाडू, मग पदवी, मग लहान विद्यापीठ, मग मोठं. आज या धंद्यात वर जाणाऱ्यांची ही नेहमीची चढण.

आता माझी फजिती. पदवीनंतर दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात मुलाखत होती. मी तिकीटविक्रीचे तक्ते पाठ करून गेले. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे एडी कुणाला उत्तर देतो?" मी म्हणाले, प्रशिक्षकांना. खोलीत शांतता. मिशिगनमध्ये एडी विद्यापीठाच्या अध्यक्षांना उत्तर देतो. पूर्वी प्राध्यापक आणि माजी विद्यार्थ्यांचं 'बोर्ड इन कंट्रोल' असायचं, त्याचं पुढे सल्लागार मंडळ झालं. हे सगळं बेंटलीच्या खोक्यांत माझ्या नाकासमोरून गेलं होतं. नोकरी मिळाली नाही.

कामाच्या दारांबद्दल थोडं. खेळाडू नसाल तर तिकीट, कंप्लायन्स (म्हणजे नियम पाळले जातात ना हे बघणं), खेळाडूंचा अभ्यास सांभाळणारा विभाग आणि 'डेव्हलपमेंट' ही दारं. डेव्हलपमेंट म्हणजे देणग्या गोळा करणं, गणेशोत्सवाची वर्गणी फिरवली असेल तर अंगात असतंच. कंप्लायन्समध्ये सध्या काम भरपूर आहे, कारण खेळाडूंनी भरलेल्या खटल्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, पहिल्या वर्षी २.०५ कोटी डॉलरपर्यंत. तो हिशेब कुणीतरी ठेवायला हवाच.

व्हिसाचं मात्र डोळे उघडे ठेवून बघा. निव्वळ स्पोर्ट मॅनेजमेंटची पदवी सहसा स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांत, धरत नाहीत, त्यामुळे ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करायची परवानगी, बारा महिन्यांचीच, पुढचे चोवीस महिने मिळत नाहीत. आकडेवारीकडे झुकणाऱ्या काही अभ्यासक्रमांना मिळतात. प्रवेशाआधी अभ्यासक्रमाचा कोड विचारून घ्या. विद्यापीठात नोकरी लागली तर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नंबर लावावा लागत नाही, हा मोठा दिलासा. नियम बदलत राहतात, तेव्हा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातूनच खात्री करा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून नको.

मला शेवटी नोकरी मिळाली ती तिकीट विभागातच, एका लहान विद्यापीठात. मुलाखतीआधी मी त्यांच्या एडींची यादी काढली होती. सहा नावं, त्यातले चार बेसबॉलचे प्रशिक्षक. मी विचारलं, बेसबॉलचं मैदान कधी बांधलं आणि पैसे कोणी दिले? समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि अर्धा तास तेच सांगत बसल्या.