मोशन कॅप्चरच्या नोंदींतून व्हीआर हेडसेटचा डेटा कसा तयार करावा

डोक्यावरचा व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट आणि हातांतले दोन कंट्रोलर एवढ्याच तीन ठिकाणांवरून संपूर्ण शरीराची स्थिती ओळखणारे मॉडेल शिकवायचे, तर शेकडो माणसांना अंगभर मार्कर लावून नोंदी घेणे बहुतेकांना परवडत नाही. त्याऐवजी मोशन कॅप्चरच्या, म्हणजे माणसांच्या हालचाली मोजून केलेल्या, उपलब्ध नोंदी घ्याव्यात आणि त्या हालचाली करणाऱ्याने हेडसेट घातला असता तर सेन्सरने काय टिपले असते, ते गणिताने काढावे.

सुरुवातीला २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अमास हा संग्रह घ्यावा. त्यात १५ संग्रहांतील ३०० हून अधिक व्यक्तींच्या ४० तासांहून अधिक हालचाली एकाच प्रकारच्या शरीर-मॉडेलवर (सांधे असलेल्या मानवी शरीराच्या त्रिमितीय आकृतीवर) बसवलेल्या आहेत. मात्र त्याचा परवाना व्यावसायिक वापरासाठी नाही. हेडसेट घातलेला माणूस बहुधा जागेवरच वळतो, वाकतो आणि हात लांबवतो, म्हणून लांबवर चालण्याच्या नोंदींचा भरणा होऊ देऊ नये.

अमासमध्ये वरची दिशा झेड अक्षावर असते, तर युनिटी या गेम आणि व्हीआर बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती वाय अक्षावर असून अक्षपद्धतीही डावी (आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी) आहे. रूपांतरानंतर फक्त उजवा हात वर करणारी एखादी नोंद डोळ्यांनी पाहावी, कारण डावे-उजवे उलटले तरी कोणताही प्रोग्राम तक्रार करत नाही. शरीर-मॉडेलमधला डोक्याचा सांधा कवटीच्या तळाशी असतो आणि हेडसेट डोळ्यांपुढे असतो; हे अंतर जोडले नाही, तर मान वळवताना हेडसेट ज्या कमानीत फिरतो ती कमानच डेटात उमटत नाही. मनगट आणि कंट्रोलर यांमधले अंतरही असेच जोडावे आणि व्यक्तीगणिक थोडे बदलावे.

सर्व नोंदी एकाच फ्रेम-वेगावर आणताना क्वाटर्नियनची, म्हणजे वस्तू कशी वळली आहे हे सांगणाऱ्या चार संख्यांच्या संचाची, चिन्हे तपासावीत; सगळी चिन्हे उलटली तरी तो संच तेच वळण दाखवतो. लगतच्या दोन क्वाटर्नियनचा बिंदू-गुणाकार ऋण आला तर एकाचे चिन्ह बदलावे, अन्यथा डोके लांबच्या बाजूने गरकन फिरलेले दिसते.

सर्वांत जास्त काळजी त्वरण, म्हणजे हेडसेट-कंट्रोलरमधला अ‍ॅक्सेलरोमीटर हा सेन्सर जे मोजतो ते, काढताना घ्यावी लागते. सेकंदाला ६० फ्रेम असताना स्थानांच्या दुसऱ्या फरकाला ३६०० ने गुणावे लागते, त्यामुळे मधल्या फ्रेममधली अवघ्या एका मिलिमीटरची चूक ७.२ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी होते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळपास तीन चतुर्थांश. लगतच्या फ्रेमऐवजी मागची आणि पुढची चौथी फ्रेम घेतली, तर ही चूक १६ पटींनी घटते. पण झटक्याच्या हालचाली बोथट होतात, म्हणून यापेक्षा जास्त अंतर घेऊ नये असे माझे मत आहे. त्यानंतर गुरुत्व मिळवून ते त्वरण सेन्सरच्या अक्षांत फिरवावे. स्थिर पडलेल्या अ‍ॅक्सेलरोमीटरने वरच्या दिशेला ९.८१ दाखवलेच पाहिजे. शेवटी सेन्सरचा नॉइज (यादृच्छिक चढउतार) आणि हळूहळू सरकणारा बायस (एकाच बाजूची चूक) मिसळावा.

अनेक हेडसेट कंट्रोलरला स्वतःच्या कॅमेऱ्यांनी शोधतात. हात पाठीमागे गेला की त्याचे स्थान हरवते, पण फिरण्याची नोंद चालूच राहते. त्यामुळे कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेरच्या फ्रेममधून स्थान काढून टाकावे. ही पायरी बरेचजण वगळतात आणि त्यांचे मॉडेल खऱ्या उपकरणावर तिथेच अडखळते.

प्रशिक्षण आणि चाचणी यांची विभागणी नोंदींनुसार नव्हे, व्यक्तींनुसार करावी. शिवाय खऱ्या हेडसेटवर काही मिनिटांच्या नोंदी घेऊन, त्यांतील वेग-त्वरणांचे आलेख कृत्रिम डेटाच्या आलेखांशेजारी ठेवून पाहावेत आणि या नोंदी प्रशिक्षणात कधीही वापरू नयेत.