लेखकांच्या बोटबाहुल्या : कात्री हातात घेण्याआधी

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन असतो. त्यानिमित्त वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींना लेखकाची बोटबाहुली द्यायची, तर कापडाआधी लेखक ठरवावा. बोटभर जागेत चेहरा हुबेहूब उतरत नाही. ओळख पटते ती केस, मिशा आणि डोक्यावरच्या वस्त्रावरून. शेक्सपिअर सोपा: मोकळं कपाळ, कानांवर केस, पांढरी कॉलर. मार्क ट्वेनला पिंजारलेले पांढरे केस, झुपकेदार मिशा आणि पांढरा सूट. तुकोबांना पागोटं, टिळा आणि तुळशीची माळ पुरते. वीणेच्या नादी लागू नये, इतक्या बारीक कापात फेल्ट (तंतू दाबून केलेलं, न विणलेलं कापड) फाटतं. बहिणाबाईंना डोक्यावरून पदर. नुसत्या चष्म्याच्या भरवशावर राहू नका, त्यात निम्मे मराठी लेखक बसतात.

फेल्ट १ ते दीड मिलिमीटर जाडीचं घ्यावं. त्याहून पातळ ताणलं जातं, जाड शिवणीत फुगतं. ‘स्किन’ म्हणून मिळणारा रंग बहुधा गुलाबी निघतो, आपल्या लेखकांसाठी गव्हाळ किंवा फिकट तपकिरी शोधा. एका बाहुलीला ५ सेंमी रुंद आणि ९ सेंमी उंच असे दोन तुकडे लागतात, वरची टोकं गोल कापलेली. कडेपासून ३ मिमीवर शिवलं की मोठ्या माणसाचं बोट आरामात जातं. सहापदरी भरतकामाच्या दोऱ्यातले दोनच पदर वापरा.

डोळे, मिशा, टिळा, सगळं पुढच्या तुकड्यावर आधी पूर्ण करायचं. नळी शिवून झाल्यावर आत सुई फिरत नाही आणि टाका मागच्या बाजूला अडकतो. डोळे फ्रेंच नॉटने (सुईभोवती दोरा गुंडाळून घातलेल्या गाठीने), चष्मा काळ्या दोऱ्याच्या उलट टाक्याने; तारेचा नको, तार टोचते. गोंद टिपक्याएवढाच, नाहीतर तो फेल्टमधून वर येऊन डाग पडतो.

फ्रिजवर चिकटणारी हवी असेल तर १० मिमी व्यासाचं, २ मिमी जाडीचं निओडायमियम चुंबक डोक्याच्या उंचीवर, मागच्या तुकड्याला आतून छोटा खिसा करून त्यात बंद करावं. कापूस चुंबकाच्या पुढे भरायचा. मागे राहिला तर अंतर वाढून पकड जाते. त्यानंतर शिवताना स्टीलची सुई चुंबकाकडे खेचली जाते, तेवढा वैताग सोसावा लागतो. घेणाऱ्याच्या घरी लहान मूल असेल तर मात्र चुंबक घालूच नये. एकाहून जास्त चुंबकं गिळली गेली तर ती आतड्यात एकमेकांना ओढतात आणि आतडं फाटू शकतं.

वरच्या साडेतीन सेंटिमीटरमध्ये कापूस भरून झाला की मानेवर धावदोऱ्याची एक आडवी ओळ घाला, म्हणजे बोट काढताना कापूस बाहेर येणार नाही. ती ओळ कॉलर, उपरणं किंवा पदराखाली झाकते. ॲक्रिलिक फेल्टला इस्त्री करायचीच तर मंद आणि वर सुती कापड ठेवून, कारण ते वितळतं. देताना आत जाड कागदाची अडीच सेंमी व्यासाची गुंडाळी ठेवली की बाहुली टेबलावर उभी राहते. डबा पागोट्यासकट बाहुलीच्या उंचीपेक्षा सेंटिमीटरभर मोठा घ्यावा.