बोजा असलेली मिळकत घेताना: कुठे बघायचं आणि पैसे कुणाच्या हातात द्यायचे

विकणाऱ्यावर बँकेचं कर्ज आहे म्हणून सौदा सोडण्याचं कारण नाही. उलट बँकेने एकदा कागद तपासलेले असतात. धोका असतो तो न दिसणाऱ्या बोजाचा, म्हणजे मिळकतीवर चढलेल्या कर्जाचा किंवा थकबाकीचा, कारण मालक बदलला तरी बोजा मिळकतीसोबतच येतो. सगळे बोजे एका कागदावर कधीच सापडत नाहीत, त्यामुळे इसार देण्याआधी तीन-चार ठिकाणी बघावं लागतं.

सुरुवात उताऱ्याने करा. सोलापुरात साखर पेठ, मुरारजी पेठ अशा जुन्या भागात नगर भूमापनची मिळकत पत्रिका निघते, पण शेळगी, बाळे, मजरेवाडीसारख्या हद्दवाढ भागात कित्येक प्लॉट अजून सातबाऱ्यावरच आहेत. ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. त्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना ओळ न ओळ वाचा. ‘इकरार’, ‘तारण गहाण’, ‘बोजा’ हे शब्द, पुढची रक्कम आणि फेरफार (उताऱ्यातल्या बदलाची नोंद) क्रमांक टिपून घ्या. कंसातली नोंद म्हणजे कमी झालेली नोंद. कंस नसेल तर बोजा जिवंत धरायचा, मालक काहीही सांगो. ‘कर्ज कधीच फिटलंय, नोंद काढायची राहिली’ हे वाक्य खरंही असतं, पण ते बँकेच्या दाखल्यावर लिहिलेलं हवं. विकास सोसायटीचा इकरार (कर्जासाठी जमीन तारण दिल्याचा लेख) तर अजिबात हलक्यात घेऊ नका. सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 48 नुसार कर्ज फिटेपर्यंत त्या जमिनीच्या विक्रीवर बंधन असतं. एकाच गटात पन्नास प्लॉटधारकांची नावं सामायिक असतील, तर बोजा नेमका कोणाच्या हिश्श्यावर आहे हे मूळ फेरफार काढूनच कळतं.

पण उतारा कोरा निघाला म्हणून निश्चिंत होऊ नका. घरकर्जात बहुतेक वेळा मूळ खरेदीखत बँकेत ठेवून गहाण होतं आणि उताऱ्यावर त्याचा मागमूस नसतो. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2013 पासून अशा गहाणाची सूचना 30 दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. त्यामुळे वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च (जुन्या नोंदींचा शोध) घेताना नुसती सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा, नको, या सूचनाही तपासायला सांगा. त्याच्या आधीच्या कर्जांसाठी भरवशाचा पुरावा एकच: विकणाऱ्याकडचं मूळ खरेदीखत. झेरॉक्स किंवा ‘हरवलंय’ असं उत्तर आलं की थांबा. जोडीला सरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदणीवर शोध घ्या. फी 10 रुपये आणि वर जीएसटी. एवढ्या स्वस्त तपासणीला लोक का टाळतात, कळत नाही.

जुन्या खतांच्या साखळीत ‘मुदतखरेदी’ दिसली तर खत पूर्ण वाचा. पैसे परत केल्यावर जमीन परत द्यायची, ही अट त्याच खतात असेल, तर नाव खरेदीचं असलं तरी तो व्यवहार गहाणाचा ठरू शकतो. मग मूळ मालकाला सोडवून घ्यायला 30 वर्षांची मुदत असते. सावकारीच्या व्यवहारातून गेलेली जमीन तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा निबंधक मूळ मालकाला परत देऊ शकतो. त्यासाठी 15 वर्षांपर्यंतचे व्यवहार उकरता येतात.

महापालिकेचा मिळकत कर हाही मिळकतीवरचा बोजाच आहे. कर, महावितरण आणि फ्लॅट असेल तर सोसायटी, तिघांकडून बाकी नसल्याचा दाखला घ्या.

आता पैसे. समजा जुळे सोलापुरातला फ्लॅट 40 लाखांना ठरला आणि विकणाऱ्याचं 18 लाख 60 हजार कर्ज बाकी आहे. त्याच्या बँकेकडून दोन कागद मागवा: कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र आणि ताब्यातल्या मूळ कागदांची यादी. पत्रावरची तारीख बघा, कारण 9 टक्के दराने या रकमेवर रोज साधारण 459 रुपये व्याज चढतं. दहा दिवस उशीर झाला की साडेचार हजारांचा फरक पडतो, डीडी कमी भरतो आणि खातं बंद होत नाही. हा जादा भार कोणी सोसायचा ते इसारपावतीत लिहा.

तुम्हीही कर्ज काढत असाल तर 30 ते 75 लाखांच्या घरकर्जाला बँक मिळकतीच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत देते. म्हणजे इथे जास्तीत जास्त 32 लाख. 8 लाख, मुद्रांक आणि नोंदणी फी तुमच्या खिशातून. 18 लाख 60 हजारांचा डीडी थेट त्याच्या बँकेच्या नावे, कर्जखात्याचा क्रमांक घालून निघाला पाहिजे. विकणाऱ्याच्या बचत खात्यात ही रक्कम टाकायची नाही. टाकली आणि त्याला पैसे दिलेल्या दुसऱ्या कोणी ते खातं गोठवलं, तर तुमचे पैसेही गेले आणि बोजाही राहिला.

कर्ज फिटल्यावर बँकेने 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजाही काढायचा असतो. बँकेमुळे उशीर झाला तर कर्जदाराला दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते, असा रिझर्व्ह बँकेचा 1 डिसेंबर 2023 पासून लागू असलेला नियम आहे. नोंदणीकृत गहाणखत असेल तर नुसत्या नो ड्यूजवर भागत नाही, गहाणमुक्तीचा लेखही नोंदवावा लागतो. सातबाऱ्यावरचा बोजा मात्र आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र जोडून ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर बोजा कमी करण्याचा अर्ज करा. नोटिशीची 15 दिवसांची मुदत संपली की मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. नवा उतारा हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता रोखून ठेवा.

बँकेच्या लिलावातली मिळकत स्वस्त दिसते, पण ती ‘आहे त्या स्थितीत’ विकली जाते. थकलेला कर, सोसायटीची बाकी आणि आत राहणारा भाडेकरू तुमच्याच वाट्याला येतो. बोली मंजूर झाली की 25 टक्के त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी, उरलेले 15 दिवसांत भरायचे असतात. ही मुदत बँकेच्या लेखी संमतीने वाढू शकते, तीही तीन महिन्यांपलीकडे नाही. वेळेत भरलं नाही तर भरलेली रक्कम जप्त होते. म्हणून बोली लावण्याआधी स्वतःच्या कर्जाची मंजुरी पत्रासह हातात ठेवा आणि ताबा बँकेकडे प्रत्यक्ष आहे की फक्त कागदोपत्री, हे लिलावाच्या नोटिशीत वाचून घ्या.